‘अंदाजे’ ९ महिने

शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेली दोन पानं. त्यातलं चौथं कलम असं होतं: ‘सदर काम अंदाजे ९ महिन्यांत पूर्ण करून देण्याचे आहे.’ २०२१ च्या डिसेंबरात, दत्तजयंतीला भूमिपूजन झालं आणि प्लॉटवरच खुर्च्या टाकून आम्ही त्यावर सह्या केल्या. गुरुजी अजून निघाले नव्हते, पेढे वाटणं चाललं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, मुलांच्या वहीतला शब्द न् शब्द तपासते. पण त्या दिवशी ‘अंदाजे’वर माझी नजर काही थांबली नाही. वर्षभरानं वकिलांनी त्या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारली, तेव्हा तो मला दिसला.

घर सांगलीत, शामरावनगरच्या बाजूला, दीड गुंठ्यावर. आम्ही मूळचे गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून समजावं. आमच्या माजघरात छातीएवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा घर धुवून काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता हा चिखल माझ्याच्यानं पुन्हा निघायचा नाही.” जुन्या घरातला आमचा वाटा दिरांनी घेतला, त्या पैशांत हा प्लॉट आला. शामरावनगरही सखलच, काळी माती, पावसाळ्यात पाणी तुंबतं. पण आमच्या ऐपतीत तेवढंच बसत होतं. म्हणून जोतं पाच फूट उंच घ्यायचं ठरलं.

ठेकेदार ओळखीतला. ह्यांच्या मावसभावाच्या घराचं काम त्यानंच केलं होतं आणि ते चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. खाली-वर मिळून १,४०० चौरस फूट, मटेरियलसह १,६५० रुपये दर, म्हणजे २३ लाख १० हजार. उंच जोत्याचे वेगळे १ लाख १० हजार. एकूण २४ लाख २० हजार. हप्ते ठरले ते असे: सुरुवातीला १० टक्के, जोतं झाल्यावर १५, पहिल्या स्लॅबला २०, दुसऱ्या स्लॅबला २०, वीटकामाला १५, गिलाव्याला १० आणि किल्ली हातात आल्यावर उरलेले १०. बँकेचं कर्ज १८ लाखांचं, तेही टप्प्याटप्प्यानं मिळणारं. आम्ही तोवर विश्रामबागेत ९,००० रुपये भाड्यानं राहत होतो आणि २०२२ ची दिवाळी नव्या घरात, असं सगळ्यांना सांगून बसलो होतो.

पहिले चार महिने मी त्याच्यावर अगदी खूश होते. पायाचे खड्डे त्यानं काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणले. जोत्यात मुरूम भरताना थरावर थर, पाणी आणि धुम्मस मारून दाबणं, यात कुचराई नव्हती. २४ एप्रिल २०२२, रविवारी, पहिला स्लॅब पडला. सासूबाईंनी मिक्सरपुढे नारळ फोडला, संध्याकाळी सगळ्या माणसांना जिलेबी दिली. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं स्लॅबवर आळी घालून दिली आणि सासूबाई सत्तराव्या वर्षी रोज रिक्षानं जाऊन त्यात पाणी सोडायच्या. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, मुदतीनंतरच काढलं. तिथवर कागदाप्रमाणे आमचे १० लाख ८९ हजार दिले गेले होते आणि तेवढं काम उभं होतं.

चूक आम्ही त्याच आठवड्यात केली. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून सळीचे भाव रोज वाढत होते, पेपरातही तेच येत होतं. तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “वहिनी, दुसऱ्या स्लॅबची सळी आत्ताच धरून ठेवूया. तीन टन लागतीय. महिन्यानं घेतली तर मलाबी परवडणार नाही आन् तुम्हालाबी नाही.” बोलणं पटण्यासारखंच होतं. बँक पुढचा हप्ता काम झाल्याशिवाय देणार नव्हती. ह्यांनी पीएफमधून काढलेले अडीच लाख त्याच्या खात्यावर टाकले. पावती नाही, दुकानाचं नाव नाही, किती टन, कुठल्या कंपनीची, काही नाही. जूनच्या सुरुवातीला “माणसं गावाला निघालीत, त्यांना उचल दिली तरच परत येतील,” म्हणून आणखी एक लाख. आता आमचे १४ लाख ३९ हजार गेले होते आणि जमिनीवर होता फक्त पहिला स्लॅब. पैसे कामाच्या पुढे गेले आणि त्या दिवसापासून त्याला आमच्या प्लॉटवर यायची घाई उरली नाही. हे तेव्हा कळलं नाही. आता तारखा समोर मांडून बघते तेव्हा स्वच्छ दिसतं.

मेच्या शेवटी सरकारनं पोलादावर निर्यातशुल्क बसवलं आणि सळीचे भाव उतरायला लागले. आमची सळी तरीही आली नाही.

पुढचे चार महिने कसे गेले ते सांगण्यासारखं फार नाही. जूनमध्ये पेरणी, जुलैत पाऊस, ऑगस्टात गणपती, सप्टेंबरात पितृपक्ष. कारण प्रत्येक वेळी खरंच असायचं, म्हणून भांडता यायचं नाही. पावसात स्लॅब टाकू नये हे मलाही कळत होतं. पण खाली छताखाली वीटकाम करायला पाऊस आड येत नव्हता. ऑगस्टात चार दिवस माणसं आली, वरच्या नऊ कॉलमपैकी तीन भरून गेली. नंतर सामसूम. फोन केला की एकच वाक्य: “उद्या माणसं लावतो बघा.” पुढे वकिलांसाठी मी सगळे निरोप काढून बघितले, त्यात ‘उद्या’ ४१ वेळा होतं.

मला खरा धक्का बसला तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. ह्यांची पहिली पाळी होती म्हणून मी एकटीच प्लॉटवर गेले. स्लॅबवर चढले. उरलेल्या सहा कॉलमच्या सळ्या उघड्या उभ्या होत्या, सगळा पावसाळा अंगावर घेऊन. हात लावला तर बोटाला तपकिरी पूड लागली आणि एका सळीवरून नखाएवढा पापुद्राच सुटून आला. भरलेल्या तीन कॉलमपैकी एकाच्या बुडाशी वीतभर जागेत खडी उघडी पडलेली, मधे सिमेंटच नाही. दगडानं हलकेच ठोकलं तर बद्द आवाज आला. खाली कोठीत सिमेंटची २२ पोती होती, ओल लागून त्यांचे दगड झाले होते. मी ते पोतं अंगठ्यानं दाबत बसले होते आणि रडू आवरत नव्हतं. शेजारच्या प्लॉटवरच्या वॉचमननं पाणी आणून दिलं. तो म्हणाला, “बाई, तो तिकडं कुपवाडला दोन मजली उठवतोय की. माणसं तिथंच हायत.”

आमची सळी बहुधा तिकडेच गेली असावी. पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून याहून जास्त म्हणत नाही.

त्या रात्री ह्यांचं म्हणणं होतं, सकाळी पोलिसांत जायचं. गेलोही. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि हा दिवाणी मामला आहे म्हणाले. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, महारेरात जा. मग एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी अर्ध्या तासात आमच्या डोक्यातला गुंता सोडवला, म्हणून त्यांचं म्हणणं इथे सविस्तर देते. रेरा हा कायदा बिल्डर घरं बांधून विकतो त्याच्यासाठी. प्लॉट तुमचा, घर तुमचं, हा फक्त बांधून देणारा, तिथे रेरा लागू नाही. फसवणुकीचा गुन्हा म्हणायचा तर पहिल्या दिवसापासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागेल आणि ज्यानं चार महिने चोख काम केलं त्याच्याबद्दल ते दाखवणं अवघड. घर बांधून देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ आहे, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली तर जिल्ह्यातच तक्रार होते, आमच्या रकमेला फी ४०० रुपये आणि मुदत दोन वर्षं. “पण तो शेवटचा रस्ता ठेवा,” त्या म्हणाल्या. “आधी करार नीट मोडू या. तुम्ही अजून तो मोडलेलाच नाही.”

इथे त्यांनी ‘अंदाजे’खाली रेघ मारली. कराराच्या कायद्याच्या ५५ व्या कलमाचा अर्थ त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितला. वेळ हाच कराराचा गाभा असेल, तर वेळ चुकली की करार रद्द करता येतो. ‘अंदाजे’ लिहिल्यावर तसं म्हणणं कठीण जातं. मग आपण लेखी नोटीस देऊन वाजवी मुदत ठरवून द्यायची, अमुक तारखेपर्यंत एवढं काम करा, नाहीतर करार संपला असं समजू. ती मुदतही चुकली की आपला पाय घट्ट होतो. त्याच कलमातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. उशिरा दिलेलं काम आपण गुपचूप स्वीकारलं आणि त्याच वेळी भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाही, तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. मी चार महिने फक्त फोनवर गयावया करत होते. कागदावर आमची तक्रार म्हणून एक ओळ नव्हती.

त्यांनी आणखी एक ताकीद दिली. करार लेखी संपत नाही तोवर साइटला कुलूप घालायचं नाही, त्याचं सामान हलवायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला एक वीटही लावू द्यायची नाही. दुसऱ्याचा हात लागला की कुठलं काम कुणाचं हे कायमचं अंधारात जातं. ह्यांनी एका मिस्त्रीशी बोलणी केली होती, ती त्याच दिवशी थांबवली.

१० ऑक्टोबरला मी स्वतःच्या हातानं पहिलं पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टानं पाठवलं आणि त्याचा फोटो त्याला मोबाइलवरही टाकला. कुठलं काम कधी थांबलं, किती पैसे कधी दिले, सळीच्या अडीच लाखांची पावती द्यावी, कॉलम दुरुस्त करावा. एकही रागाचा शब्द घालायचा नाही, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. ते पत्र मी पाच वेळा लिहिलं. पहिल्या कच्च्या मसुद्यात निम्मा राग होता.

पोचपावती आली, उत्तर आलं नाही. उलट मावसभावाचा फोन आला, “घरातल्या घरात कागद कशाला?” सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “कागद पोराच्या पैशाचा आहे, तुझ्या नात्याचा नाही.” मला त्यांचा फार आधार वाटला. दिवाळी भाड्याच्या घरात झाली. किल्ला करायला मुलानं हट्ट धरला तेव्हा त्याला नव्या प्लॉटवरची वाळू आणून दिली.

१४ नोव्हेंबरला वकिलांची नोटीस गेली, ३० दिवसांची. त्यात काम मोजून दिलं होतं: कॉलमची दुरुस्ती, सळ्या घासून उरलेले सहा कॉलम भरणे, दुसऱ्या स्लॅबची सळी साइटवर आणून दाखवणे. एवढंच. सगळं घर महिन्यात बांधा असं लिहिलं असतं तर ती मुदत वाजवी ठरली नसती. नोटीस मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला. दारातच म्हणाला, “वहिनी, माझ्यावर नोटीस काढली तुम्ही?” त्याचे डोळे भरले होते. त्याचं एक बिल कुठेतरी अडकलं होतं, त्यातून हे सगळं सुरू झालं, असं त्यानं सांगितलं. मला वाईट वाटलं आणि ते खोटं नव्हतं. पण मी म्हटलं, “दादा, तुम्ही ३० दिवसांत एवढं करा. आम्ही नोटीस मागे घेऊ.” त्याला मी हे लिहूनही दिलं.

दोन माणसं आली, एक दिवस सळ्या घासल्या आणि गेली. १९ डिसेंबरला करार संपल्याचं पत्र गेलं. भूमिपूजनाला एक वर्ष आणि एक दिवस झाला होता.

लोकांना वाटतं, पत्र गेलं की संपलं. खरं काम त्यानंतर असतं: झालेल्या कामाची किंमत ठरवणं. आमचं म्हणणं, त्याच्याकडे साडेतीन लाख जादा गेलेत. त्याचं म्हणणं, सळी-सिमेंट महागलं, जोत्याला मुरूम जास्त लागला, उलट तुम्हीच देणं लागता. दोघांच्याही बोलण्याला आकड्याचा आधार नव्हता. त्या पत्रातच वकीलबाईंनी लिहिलं होतं की ८ जानेवारी २०२३ ला सकाळी १० वाजता साइटवर संयुक्त मोजमाप होईल, आपण किंवा आपला माणूस हजर राहावा, न आल्यास मोजमाप एकतर्फी होईल. तो येणार नाही असं मला वाटत होतं. तो आला, त्याच्या मुकादमाला घेऊन आला.

तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. आमचा नकाशा काढलेले इंजिनिअर, त्यांचा पोऱ्या टेप धरायला, दोन साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त तलाठी आणि माझ्या शाळेतल्या एक बाई. इंजिनिअरांनी सरकारी कामाला असते तशी मोजमाप वही आणली होती. लांबी, रुंदी, उंची, संख्या, एकूण. पायाचं खोदकाम, खालचा कोबा, फूटिंग, जोत्याचे बीम, मुरूम किती ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास), कॉलम, स्लॅब. जमिनीखालचं आता दिसत नव्हतं. तिथे माझे मोबाइलमधले फोटो कामाला आले. फूटिंगच्या दिवशी मुलाला खड्ड्याशेजारी उभं करून हौसेनं फोटो काढले होते, त्यात सळ्यांची जाळी मोजता येत होती. कॉलमच्या सळ्या तारेच्या ब्रशनं घासून इंजिनिअरांनी कॅलिपर लावला. १६ मिलिमीटरच्या सळ्या होत्या. पाच कॉलमच्या वरवर गंजलेल्या, घासून चालण्यासारख्या. सहाव्या कॉलमच्या दोन सळ्या खोल खाल्लेल्या, त्या बदलायला सांगितल्या. भरलेल्या कॉलमचा तो बद्द आवाजाचा भाग छिन्नीनं फोडला तर सळ्यांना बांधणारी आतली रिंग दिसली. ठेकेदार माझ्या शेजारी उभा होता. तो खाली बसला, त्या खडीवरून हात फिरवला आणि मुकादमाला एवढंच म्हणाला, “हे भरताना तू कुठं हुतास?” त्याला कामाची लाज वाटली होती. पुढची तडजोड झाली ती त्या क्षणामुळे, असं मला वाटतं.

साइटवर पडलेलं सामानही लिहिलं गेलं. विटा ४,०००, क्रश सँड ३ ब्रास, निकामी सिमेंट २२ पोती, मिक्सर एक, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा ६०, जॅक २५. प्लेटा आणि जॅक त्याचे नव्हते, भाड्यानं आणलेले होते, आणि भाडं चालूच होतं. ते त्यानं त्याच दिवशी न्यावेत असं आम्ही लिहून दिलं आणि नेल्याची सही घेतली. अडवून धरावं असं ह्यांना वाटत होतं. इंजिनिअर म्हणाले, तिसऱ्या माणसाचं सामान अडवाल तर उद्या तो तुमच्या दारात येईल. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. फोटो काढताना कॉलमला त्या दिवशीचा पेपर टेकवला होता.

वही घरी आली तेव्हा आकडे असे होते. पाया, जोतं आणि पहिला स्लॅब मिळून १० लाख ४२ हजार. वरचे तीन कॉलम २१ हजार. वापरता येणारं सामान ४८ हजार. बेरीज ११ लाख ११ हजार. त्यातून कॉलमच्या दुरुस्तीचे २६ हजार वजा, म्हणजे १० लाख ८५ हजार. आम्ही दिलेले १४ लाख ३९ हजार. जादा गेलेले ३ लाख ५४ हजार.

याच दरम्यान एका संध्याकाळी दाराशी तीन माणसं येऊन उभी राहिली. विजापूरकडचा गवंडी, त्याचा भाऊ आणि एक बिगारी. “अक्का, आमचा हिशेब अडकलाय. ऑगस्टचा.” ३० हजार होते. पहिला स्लॅब यानंच ओढला होता, आळीही यानंच घातली होती. त्यांचं आमच्याशी देणंघेणं नाही, ते ठेकेदाराचे कामगार, असं कुणीही म्हणेल. मला ते तोंडानं बोलवेना. चहा दिला, आणि तुमचा विषय मी हिशेबाच्या दिवशी काढीन, एवढं सांगितलं.

२९ जानेवारीला वकीलबाईंच्या ऑफिसात बैठक झाली. तीन तास लागले. तो महागाईचं सोडेना, हे भाड्याचं सोडेनात. उशिरामुळे गेलेलं भाडं आणि बँकेचं व्याज हे आम्हाला आयोगापुढे मागता आलं असतं. तक्रारीचा मसुदा तयार करून टेबलावर ठेवलाच होता. पण आयोगाच्या निकालापर्यंत साइट आणि सळ्या तशाच ठेवणं मला शक्य नव्हतं. आणखी एक पावसाळा त्या कॉलमनी खाल्ला असता. शेवटी २ लाख ८० हजारांवर आलो. ८० हजार त्याच दिवशी खात्यावर, एक-एक लाखाचे दोन चेक, २८ फेब्रुवारी आणि ३१ मार्चचे. आम्ही ७४ हजार सोडले. माझी एकच अट होती, गवंड्याचे ३० हजार इथेच, आपल्यासमोर द्यायचे. तो गवंड्याला बोलवायला तयार नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, “यांनी ७४ हजार सोडलेत, तुम्ही हे पाळा.” गवंडी आला, पैसे मोजून घेतले आणि तडजोडीच्या कागदावर साक्षीदार म्हणून कानडीत सही केली.

त्या कागदात लिहिलं होतं ते थोडक्यात असं: करार दोघांच्या संमतीनं संपला, मोजमाप वही दोघांना मान्य, झालेल्या कामावर ठेकेदाराचा कसलाही हक्क उरला नाही, चेक वटले नाहीत तर आमचे सगळे हक्क शाबूत. शेवटचं वाक्य लागलंच. मार्चचा चेक एप्रिलमध्ये परत आला, खात्यात शिल्लक नाही म्हणून. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, मग त्याला पैसे भरायला १५ दिवस. नोटीस चौथ्या दिवशीच गेली आणि तेराव्या दिवशी पैसे जमा झाले. आता त्याचा-आमचा काही व्यवहार उरलेला नाही. लग्नाकार्यात भेटतो तेव्हा तो ह्यांना नमस्कार करतो, मलाही करतो.

बँकेला ठेकेदार बदलल्याचं पत्र, इंजिनिअरांचा नवा अंदाज आणि वहीची प्रत दिली, त्यांचा माणूस येऊन साइट बघून गेला आणि अडलेला हप्ता मोकळा झाला. नवं काम आम्ही लेबर रेटनं दिलं, मटेरियल स्वतः आणायचं ठरवलं. करारात तारीख घातली, टप्प्यागणिक. उशिराची भरपाई आठवड्याला किती, किती दिवस काम बंद राहिलं तर करार संपवता येईल, संपवताना मोजमाप कुणी करायचं, हे सगळं लिहिलं. शेवटचे १० टक्के गिलाव्यानंतरच्या एका पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे ठेवायचे ठरले. नवा ठेकेदार ते वाचून म्हणाला, “मॅडम, एवढं लिहिणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळालंय,” आणि सही केली. माणसं त्याची स्वतःची होती, फक्त गवंड्याची जागा रिकामी होती. मी विजापूरला फोन लावला.

१२ मार्च २०२३, रविवारी सकाळी ७ वाजता दुसऱ्या स्लॅबचा मिक्सर सुरू झाला. सासूबाईंनी नारळ फोडला. मी सावलीत खुर्ची टाकून मोजमाप वही घेऊन बसले होते. वहीची निम्मी पानं अजून कोरी होती. पोतं फुटलं की बिगारी ओरडायचा आणि मी काडी ओढायची. दुपारी ४ ला शेवटचा घमेला वर गेला तेव्हा ९० काड्या झाल्या होत्या. गवंडी खाली उतरला, हात धुतले, वही बघितली आणि म्हणाला, “अक्का, नव्वदच. मी पण मोजलंय.” मग त्या ओळीपुढे त्यानं सही केली.